बसलीस की उसीर सोड

येलवालच्या अलीकडे हुणसूर रस्त्याला एक मातीचा फाटा फुटतो. त्या फाट्याच्या टोकाला उदबत्तीचं गोदाम आहे. शरत राव लाडनं तिकडं स्कूटर वळवली की गोदाम दिसायच्या आधी त्याला वास गाठतो. आधी मोगरा, मग चंदन, मग दोन्ही एकमेकांत कालवल्यासारखं काहीतरी, ज्याला नाव नाही. त्या वासात स्कूटरसुद्धा हळू चालते असं शरतचं म्हणणं. त्याच्या बायकोचं, सुष्माचं, म्हणणं वेगळं. ती म्हणते, "स्कूटर नाही हळू चालत, तुम्ही हळू चालता. जागेपणी झोपणारा माणूस मी हा एकच बघितला."

तसा तो आहेच. पन्नाशी उलटलेला, उंच, किंचित पुढे झुकलेला, बोलता बोलता मध्येच थांबून भलतीकडेच बघणारा. बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. गोदामांतून फिरणाऱ्या त्या बुटक्या गाड्या तुम्ही बघितल्या असतील. पुढं दोन लोखंडी जिभा, मागं जडशीळ बूड, आणि सीटखाली पोटभर बॅटरी. डिझेलच्या गाडीसारखा खडखडाट नाही, धूर नाही. मालाच्या थप्पीखाली जिभा घालते, उचलते आणि गुणगुणत निघून जाते. शरतला ती गुणगुण आवडते. गाडी उघडण्याआधी तो तिच्या पाठीवर तळहात ठेवून जरा वेळ उभा राहतो. नवीन माणसाला वाटतं, मिस्त्री देवाचं नाव घेतोय. मिस्त्री नुसता ऐकत असतो.

या गाड्यांना बोलता येत नाही, म्हणून त्या डोळे मिचकावतात. काही बिघडलं की चालकापुढचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. अमुक वेळा लुकलुकला, थांबला, पुन्हा तमुक वेळा लुकलुकला. प्रत्येक जोडी म्हणजे एक कोड, त्याचा अर्थ ठरलेला. ही जोडी म्हणजे बॅटरी उतरली, ती म्हणजे मोटर तापली. शरतला सगळ्या जोड्या पाठ आहेत, पण त्याला ते आकडे वाटतच नाहीत. अंधाऱ्या खोलीत तापानं पडलेलं माणूस पापणी हलवून काही मागतं ना, तसं त्याला वाटतं.

त्यातली एक जोडी आहे चार-सात. तिचा अर्थ, क्रम चुकला. गाडीत काही मोडलेलं नाही, पण ज्या गोष्टीमागून जी गोष्ट यायला हवी ती आली नाही. आधी सीटवर बसायचं. मग किल्ली. मग थांबायचं. थांबायचं, कारण गाडी आतल्या आत स्वतःला चाचपून बघत असते, आणि सगळं जागेवर आहे असं कळलं की तिच्या पोटात 'टक्' असा आवाज होतो. त्यानंतर पुढं-मागं करायचा दांडा, आणि सगळ्यात शेवटी पाय. त्या 'टक्'च्या आधी पाय पडला तर गाडी रुसते. चार-सात. बझर फुरफुरतो आणि ती जागची हलत नाही.

हे थांबणं किती? एका श्वासाएवढं. आणि श्वासाला शरतच्या घरात उसीर म्हणतात.

इथं जरा थांबायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ या शब्दाचा आहे.

लाडांचं घराणं शिपाईगिरीचं. कधीकाळी घोड्यावर बसून दक्षिणेत उतरले, म्हैसूरच्या घोडदळात चाकरीला लागले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी इतकी वर्षं कानडीत भिजत पडलीय की पिळली तर अर्धी बादली कानडीच निघेल. उशीर झाला असं ते म्हणत नाहीत, 'तड झाला' म्हणतात. थोडं म्हणजे स्वल्प. उगाच म्हणजे सुम्मने. आणि कानडीत श्वासाला उसिरु म्हणतात, त्याचा लाडांच्या घरात झाला उसीर. उसीर घ्यायचा, उसीर सोडायचा, जिना चढला की उसीर लागतो.

शरतचे आजोबा घोडदळातले शेवटचे सवार. घोड्यावर बसायला शिकवताना ते पोरांना एकच गोष्ट सांगायचे. बसलास की उसीर सोड, मग टाच दे. माणूस रिकिबीत पाय घालून वर चढतो तेव्हा त्याची छाती भरलेली असते. ती भरलेली छाती घोड्याला पाठीवर कळते. त्याला वाटतं, या माणसाला भीती वाटतेय. उसीर सोडला की माणूस खरा बसतो. मग टाच.

घोडी गेली. शरतचे वडील सदाशिवराव सरकारी बसचे चालक झाले. तेही सीटवर बसले की आधी उसीर सोडायचे, मग गियर. आणि शरत तेच फोर्कलिफ्टच्या चालकांना सांगत आला. गाडी नवीन गोदामात उतरवून दिली, की चालकांना गोळा करून कानडीत सांगायचं, "उसिरु बिडु, आमेले कालु इडु." उसीर सोड, मग पाय ठेव. बाकीचं सगळं ते विसरले तरी एवढं लक्षात ठेवतात, आणि चार-सात सहसा येत नाही.

सुष्मा कराडची. लग्न होऊन म्हैसुरात आली तेव्हा कुवेंपुनगरातलं हे घर नवीनच बांधलेलं होतं. एका सकाळी सदाशिवराव बाजारातून पिशवी घेऊन आले आणि पायरीवरच बसले. छाती भात्यासारखी हलत होती. म्हणाले, "सुष्मे, फार उसीर लागतोय गं."

सुष्मा आत गेली. त्यांच्या चपला घेऊन आली, छत्री घेऊन आली आणि अदबीनं पुढं ठेवून म्हणाली, "मग निघा की मामंजी. उशीर नका करू."

सदाशिवरावांनी चपलांकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं. दम लागलेला असतानाही त्यांना असं हसू आलं की शेवटी पाणी पाजून झोपवावं लागलं. नव्वदीच्या उंबऱ्यावर आहेत, पण अजून घरात पाहुणा आला की व्हरांड्यातल्या खुर्चीतून ती छत्रीची गोष्ट काढतातच. "माझी सून. आल्या आल्या मला घराबाहेर काढायला बघितली."

तर अशा घरातला शरत, आणि त्याच्यापुढं एक दिवस तुळसी आली.

उदबत्तीच्या गोदामानं नवी फोर्कलिफ्ट घेतली होती. चालवायला दोन गडी निवडले, दोघेही येलवालचे. आणि गोदामाचे इनचार्ज कृष्णमूर्ती यांनी पॅकिंगच्या टेबलावरची एक बाई निवडली. "हाताला स्थिर आहे, आणि गप्प असते," असं त्यांचं कारण. ती तुळसी. आटपाडीकडची. तिचा नवरा गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या भट्टीपुढं बसणारा. त्या कामासाठी तिकडची माणसं मुलुखभर पांगलीत, तशी ही दोघं म्हैसुरात येऊन पडली. तिला कानडी कळायची, पण बोलताना जीभ अडायची, म्हणून ती गप्प असायची. कृष्णमूर्तींना तो गुण वाटला.

शिकवणीच्या दिवशी शरतनं दोघा गड्यांना कानडीत सगळं सांगितलं. मग तुळसीकडे वळला. तिनं खाली बघत पुटपुटल्यासारखं विचारलं, "मराठी येती का वो तुमास्नी?"

शरत एकदम फुलला. घराबाहेर मराठी ऐकायला मिळाली की त्याला कुणीतरी खिशात शेंगदाणे घातल्यासारखं होतं. "येते की! आमची घरची भाषा ती. बस, बस तू. भिऊ नको, तंगी." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "हे बघ, एकच गोष्ट ध्यानात ठेव. बसलीस की उसीर सोड, मग पाय दे. कळलं?"

तुळसीनं मान हलवली. जोरात हलवली.

त्या दिवशी ती शरतच्या डोळ्यांसमोर गोदामाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि आली. दोन्ही बाजूंना छताला भिडलेल्या खोक्यांच्या भिंती, वरच्या काचेतून तिरपा पडलेला उजेड, आणि त्या उजेडात उदबत्तीची बारीक भुकटी तरंगत असलेली. त्यातून ती गाडी पाण्यावरून येणाऱ्या नावेसारखी आली. तुळसीच्या डोक्यावर टोपी, पदर कमरेला खोचलेला, वरून गोदामाचा निळा कोट. उतरल्यावर ती सीटवर हात फिरवत म्हणाली, "अण्णा, खरं सांगू? जल्मात पयल्यांदा खुर्चीत बसून काम करतीया. म्हायेरी रानात वाकून, सासरी चुलीम्होरं उकिडवं, हितं टेबलाला उभी. सांजच्याला पाय म्हंजी निस्तं लाकूड. आन ही खुर्ची बघा. डुलती बी."

शरतला ते वाक्य पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. गिअरबॉक्सचं तेल बदलताना, सिग्नलला उभा असताना. डुलती बी.

मग चार-सात सुरू झालं.

पहिला फोन आला तेव्हा तो सहज गेला. अशा तक्रारी येतातच. सीटखाली एक बटण असतं, माणूस बसल्याचं गाडीला सांगणारं. ते अडकत असेल म्हणून त्यानं सीट उचलून बटण काढलं, पुसलं, दाबून बघितलं. ठीक. पायाखालच्या पेडलची तार तपासली. ठीक. दांडा मध्यावर नीट परत येत होता. सगळ्या जोडण्या उपसून, फवारा मारून पुन्हा बसवल्या. गाडीच्या पोटात साठलेल्या जुन्या खुणा यंत्र लावून वाचल्या. चार-सात, चार-सात, चार-सात. दुसरं काही नाहीच.

"तू चालव बघू," तो तुळसीला म्हणाला.

तुळसी चढली. बसली. त्याच्याकडे बघत राहिली. तो "हं" म्हणाला, तेव्हा पाय दिला. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली.

तो घरी गेला आणि पुन्हा चार-सात आलं.

दोघा गड्यांच्या हातात गाडी गाईसारखी गरीब. तुळसीच्या पाळीत मात्र दोन ओळींच्या मध्ये जाऊन उभी राहायची, दिवा लुकलुकत. बाहेर लॉऱ्या खोळंबायच्या. तुळसी घाबरून किल्ली काढायची, घालायची, पाय दाबायची आणि गाडी आणखी रुसायची. गड्यांनी गाडीला नावच पाडलं, सवत. "नोडु, बघ, तिची सवत आली." तुळसीला एवढी कानडी कळत होती.

दुसऱ्या खेपेला शरतनं बटणच बदललं. पेडलचा अख्खा जोड बदलला. तुळसीला समोर उभी करून पुन्हा चालवायला लावली. ती चढली, बसली, त्याच्या "हं"ची वाट बघितली, गेली. काही नाही. शरत स्वतः चालवून बघायला बसला, अर्धा तास गोदामात फिरत राहिला, आणि कशासाठी फिरतोय ते विसरून दुसऱ्याच कुठल्यातरी तंद्रीत गेला. कृष्णमूर्तींनी हाक मारून उतरवलं.

कृष्णमूर्ती वाईट माणूस नव्हे. कपाळावर बारीक गंध, खिशात दोन पेनं, बोलण्यात पाणी ओतल्यासारखी हळुवार कानडी. त्यांनी शरतला चहा दिला आणि म्हणाले, "रावरे, गाडी बदलता येत नाही. चालक बदलता येतो. वरून विचारतात, बाईला का ठेवलंय म्हणून. शनिवारी एकदा बघा. काही सापडलं तर छान. नाहीतर सोमवारपासून तिला टेबलाला परत पाठवतो. तिचं काही वाईट करत नाही मी. काम आहेच तिला."

"आहे की, सार," शरत म्हणाला. पण त्याला ती खुर्ची दिसत होती. तुळसी दूर खोक्यांना टेकून उभी होती. तिला काय बोलणं चाललंय ते ऐकू येत नव्हतं आणि सगळं कळत होतं.

शुक्रवारी रात्री जेवताना सुष्मा म्हणाली, "मीठ नाही आमटीत. कुणाला सांगतेय मी?"

"आँ?"

"काही नाही. जेवा."

सदाशिवरावांनी मान न वळवता विचारलं, "कुठं आहे रे तो? येलवालला?"

"तिथंच," सुष्मा म्हणाली. "देह तेवढा कुवेंपुनगरात."

शनिवारी दुपारी शरत गेला तो कुणाला न सांगता. स्कूटर बाहेर झाडाखाली लावली, मागच्या दारानं आत शिरला. गाडीत काही नाही हे त्याला आता माहीत होतं. हात लावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग तो मोगऱ्याच्या खोक्यांच्या मागं, भिंतीला लागून जी जागा असते तिथं एका पालथ्या खोक्यावर बसला. आतून गार वाटत होतं. बाहेरच्या उन्हाची एक फट दारातून जमिनीवर लांब पसरली होती. वास इतका दाट की तो डोळ्यांवरही बसत होता. शरतनं डोळे मिटले.

झोप नव्हे ती. त्याला आजोबांनी सांगितलेलं मैदान दिसत होतं, जे त्यानं कधीच बघितलं नव्हतं. सकाळचं धुकं. धुक्यात ओळीनं उभी घोडी, त्यांच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ. माणसं चढत होती. एकेक जण चढला की एकेक लांब उसीर, हाऽऽ, आणि घोड्याची पाठ सैल. मग टाच. मग पुढचा. हाऽऽ. मग टाच. आणि ओळीच्या शेवटी एक जण चढला. उसीर आलाच नाही. नुसतीच टाच. घोडा फुरफुरला आणि अडून उभा राहिला.

शरतनं डोळे उघडले नाहीत. कारण फुरफुरणं खरं होतं. ते खोक्यांच्या पलीकडून आलं होतं. गाडीचा बझर वाजत होता.

बझर थांबला. कुणीतरी उतरलं, पायरीवर बूट वाजला. कुणीतरी पुन्हा चढलं. सीटचा रबरी सुस्कारा. किल्ली. आणि किल्लीच्या आवाजाला चिकटूनच पेडलची करकर. मधे काहीच नाही. 'टक्' नाही. एवढीशी फट नाही. पुन्हा बझर.

शरत उठला आणि खोक्यांना वळसा घालून तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. तुळसी दचकली. दिवा लुकलुकत होता.

"तंगी, तू उसीर सोडत नाहीस."

"सोडती की!"

"कुठं सोडतीस? मी मागं बसून ऐकलो. बसलीस, किल्ली फिरवलीस, की लगेच पाय दिलीस."

तुळसीचे डोळे भरून आले, आणि ते तसे भरल्याचाच तिला राग आला. "मंग? तुमीच सांगितलं न्हवं? बसलीस की उशीर सोड, मग पाय दे. सोडला की उशीर! पायलीभर सोडला! बूड टेकायच्या आत पाय खाली आसतोय माजा. आजून किती उशीर सोडू, अण्णा? वरनं उडी मारू का गाडीत?"

शरतनं गाडीच्या खांबावर हात ठेवला.

"उशीर नव्हे," तो सावकाश म्हणाला. "उसीर."

"त्येच की. तुमच्याकडं शचा स करत्यात. एवडं मला कळत न्हाई व्हय?"

पायरीवर ठेवलेल्या चपला. छत्री. मग निघा की मामंजी. शरतला हसू यायला लागलं आणि आवरेना. तो गाडीच्या खांबाला धरून हसायला लागला. तुळसीला वाटलं, हा आपल्याला हसतोय. तिनं टोपी काढली आणि पायाशी आपटली.

"हसा! सोमवारी मी टेबलाला गेली की मंग आनखी हसा!"

"तप्पु झालं, तंगी, चूक माझी झाली, ऐक, ऐक स्वल्प," शरत डोळे पुसत म्हणाला. त्यानं तळहात छातीवर ठेवला आणि भरलेली छाती हळूहळू रिकामी केली. "हाऽऽ. हा. ह्याला आमच्या घरात उसीर म्हणतात. हा सोडायचा."

तुळसीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"ह्यो? आवो ह्यो दम!"

"दम."

"दम सोड म्हनायचं की मंग सरळ!" ती ओरडली, आणि मग तिचाच आवाज एकदम बारीक झाला. "म्हंजी इतकं दिस मी... गाडी मला थांब म्हनत हुती, आन मी पळ पळ करत हुती."

"मीच पळ म्हणालो ना तुला."

"आन तुमी समोर आसला की गाडी चालायची ती?"

"तू माझ्या 'हं'ची वाट बघायचीस. तेवढ्यात उसीर होऊन जायचा."

तिनं वाकून टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. मग किल्ली काढली, पाय बाजूला घेतला, सीटवर नीट मागं सरून बसली, किल्ली पुन्हा फिरवली. डोळे मिटले. शरतला वाटलं तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं, डोक्यावरचा भारा कुणीतरी हात देऊन उतरवावा तसं. हाऽऽ. आणि त्या शांततेत, सगळ्या चंदन-मोगऱ्याच्या पोटातून आल्यासारखा तो आवाज आला. टक्.

"आय्योऽ," तुळसी म्हणाली. हे तिनं कानडीतून उचललेलं होतं. "ह्यो आवाज मी कदीच ऐकला न्हवता."

कृष्णमूर्ती आवाज ऐकून येऊन उभे राहिले होते. "येनायितु, काय झालं, रावरे? सापडलं?"

"सापडलं, सार."

"गाडीत?"

"गाडीत काही नाही."

कृष्णमूर्तींनी तुळसीकडे बघून हळूच मान हलवली. वाईट वाटलेल्या माणसाची मान.

"तिच्यातही काही नाही," शरत घाईनं म्हणाला. "माझ्या मराठीत होतं."

कृष्णमूर्ती थांबले. "मराठीला पण कोड असतो?"

मग शरतनं त्यांना सांगितलं. उसिरु म्हटलं, ते त्यांना कळलं. उशीर म्हणजे तड, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी दोन्ही शब्द तोंडात घोळवून बघितले, पान चघळून बघावं तसे. "म्हणजे तुम्ही म्हणालात उसिरु बिडु," ते म्हणाले, "आणि तिनं ऐकलं, तड बिडु. थांबणं सोड." त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते इनचार्ज होते. "ठीक आहे. बाहेर लॉरी उभी आहे. ती भरू दे. तुम्ही मात्र जा, रावरे. तुमच्या 'हं'शिवाय भरू दे."

शरत बाहेर झाडाखाली जाऊन स्कूटरवर बसला. त्याला आतलं दिसत नव्हतं. दाराच्या काळ्या चौकोनातून गाडी यायची, लॉरीच्या फळीवर खोकी ठेवायची, मागं सरायची आणि पुन्हा त्या काळोखात बुडायची. आत तिला खोकी नीट लावायला उतरावं लागत होतं आणि पुन्हा चढावं लागत होतं. दर वेळी गाडी आत गेली की शरत कान लावायचा. दर वेळी बझरऐवजी ती गुणगुण परत यायची. ऊन खाली आलं. रस्त्यावरून हुणसूरच्या बसगाड्या जात राहिल्या. आत गड्यांपैकी कुणीतरी तुळसीची नक्कल केली, हाऽऽ, आणि तुळसी कानडीत काहीतरी बोलली. पहिल्यांदाच मोठ्यानं. काय ते कळलं नाही, पण गडी खो खो हसले.

लॉरी भरली. कृष्णमूर्ती बाहेर आले, त्यांनी लॉरीच्या दोरीला हात लावून बघितला, आणि शरतकडे न बघता म्हणाले, "सोमवारी टेबलाला दुसरी बाई शोधायला हवी मला." मग आत जाता जाता थांबले. "तुमची मराठी मात्र एकदा सर्व्हिसिंगला टाका, रावरे."

घरी त्यानं सगळं सांगितलं तेव्हा सुष्मा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"अहो, माझी छत्री एवढी वर्षं या घरात हसण्यावारी नेताय," ती म्हणाली, "आणि तुम्ही त्या बाईला जाऊन सांगितलंत उसीर सोड? आटपाडीच्या बाईला?"

"सुचलंच नाही. मराठीतच बोललो ना मी."

"हो, मराठीतच!" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "बिचारी. मला निदान सासऱ्यांना बाहेर काढायचं होतं. तिला तर तुम्ही खुर्चीतून काढत होता."

व्हरांड्यातून सदाशिवरावांचा आवाज आला. हसताना त्यांना दम लागत होता. "सुष्मे... आण गं... चपला आण माझ्या..."

"बसा मामंजी, हळू. आधी उसीर सोडा," सुष्मा म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली. शरत तव्यावरच्या भाकरीकडे बघत राहिला. ती फुगली, तिच्यातून वाफेचा एक लांब उसीर निघाला आणि ती बसली. मग करपली.

पावसाळा येऊन गेल्यावर एकदा येलवालहून फोन आला. शरतनं पडद्यावर गोदामाचं नाव बघितलं. बन्नूरकडच्या एका गोदामात तो गाडीखाली उताणा पडलेला होता, तसाच सरकत बाहेर आला.

"अण्णा, मी तुळसी."

"काय झालं? चार-सात?"

"छ्या. गाडी बरी हाय. माजा उसीर बी बरा हाय." पलीकडे ती हसत असावी. "नवी पोरगी आलीया चालवायला, यशस्विनी म्हनून. तिला मीच शिकवली. कानडीत. उसिरु बिडु, आमेले कालु इडु. बराबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे, तंगी. माझ्यापेक्षा बरोबर."

"मंग बॅटरीचं पानी बगायला येनार हुता, त्येचं काय? लई उशीर केलासा तुमी. उशीर हां अण्णा. 'श'वाला."

"येतो, येतो. स्वल्प तड झाला."

फोन बंद झाला. शरत स्कूटरवर जाऊन बसला. किल्ली घातली. आणि तशीच ठेवून तो थोडा वेळ बसून राहिला, कारण इथं बन्नूरला, भातशेताच्या वासात, कुठूनतरी मोगरा आला होता.